अण्णांचं एक अक्षर

“मग राहू ना मी उभी?” मी विचारलं.

“ना,” अण्णा म्हणाले.

“म्हणजे नको?”

“ना.”

“नको म्हणताय, की नको नाही म्हणताय? अण्णा, नीट सांगा ना!”

“ना! ना!” त्यांचा डावा हात खाटेच्या लोखंडी कडेवर आपटला.

आई आतून भाकरी थापता थापता ओरडली, “वैजू, सोड त्यांना. सकाळपासून कितव्यांदा विचारतेयस? तो माणूस आहे, देवापुढचा कौल नव्हे!”

मी सोडलं. परसदारी जाऊन वाळत घातलेले कपडे उगीचच उलटे केले, ओले होते तरी दोन काढून घडी घातले, आणि पाच मिनिटांत पुन्हा खाटेपाशी येऊन उभी राहिले. चाळीस वर्षं झाली या गोष्टीला, पण त्या फाल्गुन-चैत्रातली ती तगमग आठवली की अजून माझे तळपाय जमिनीवर टिकत नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील, धुंडिराजबुवा मैंदर्गीकर. सोलापुरात आणि भोवतालच्या तालुक्यांत हरिदास म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही असं घर नव्हतं. माघात एका गावचं कीर्तन आटोपून आले आणि अंगणात पाय धुताधुता कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आठ दिवसांनी दवाखान्यात वाचा परत आली ती एवढीच. एक अक्षर. भूक लागली की ना, पाणी हवं की ना, उजेड डोळ्यांवर येतोय तरी ना. ज्या तोंडून अडीच-अडीच तास ओव्या, साक्या, दिंड्या धो धो वाहायच्या, तिथं आता नळाला यावा तसा एक थेंब.

डॉक्टर मद्रासकडचे होते. हिंदीत मराठी मिसळून बोलायचे. “मान हलवतील, त्याच्यावर जाऊ नका,” ते म्हणाले होते. “हो आणि नाही, दोन्हीचा गोंधळ झालाय. कळतंय त्यांना पुष्कळ. बाहेर काढता येत नाही.” मग जाता जाता दारात थांबले. “आमच्या तमिळमध्ये ना म्हणजे जीभ. फादर जीभ मागतायत असं वाटतं मला.” त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. तरी आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मी मात्र तो अर्थ मनात ठेवून दिला. कीर्तनकाराच्या घरातली खोड ती. शब्द सापडला की पदरात बांधायचा.

रामनवमीला तीन आठवडे उरले होते. आमच्या पूर्व भागातल्या राममंदिरात अण्णा एकतीस वर्षं जन्माचं कीर्तन करत आले होते. यंदा नारदाची गादी रिकामी राहणार होती, आणि मला तिच्यावर उभं राहायचं होतं. एवढीच गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गाणं शिकवणारी. नऊ वर्षांची असल्यापासून अण्णांच्या मागं झांज घेऊन उभी. त्यांची सगळी आख्यानं मला विरामांसकट पाठ. पण उभी राहा असं ते कधी म्हणाले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. आता विचारत होते तर हे असं.

मंदिराचे विश्वस्त घरी आले. पुढं वेणीमाधवशास्त्री. उंच, कोरडे, पाठ ताठ. मागं दोघे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, चादरींच्या कारखान्यांचे मालक. आमच्या भागात देऊळ रामाचं, पूजा मराठी, भक्त निम्म्याहून जास्त तेलुगू. कीर्तनाला मात्र सगळे एकाच सतरंजीवर.

“कीर्तनाला बार्शीच्या बुवांना विचारून ठेवलंय,” शास्त्रीबुवा म्हणाले. “मुलीची इच्छा आहे असं कानावर आलं. माझी हरकत असून उपयोग काय? धुंडिराजबुवांची गादी आहे. बुवा हो म्हणाले तर उभी राहू दे.”

“अण्णा,” मी खाली बसून म्हटलं, “सांगा ना यांना.”

“ना,” अण्णा म्हणाले.

शास्त्रीबुवांनी हात जोडले. “झालं. आणि वैजयंती, एक सांगू? संस्कृतात नृ शब्दाची प्रथमा ना. ना म्हणजे पुरुष. बुवांनी उत्तरही दिलं आणि कारणही.”

त्यांच्या मागचे दोघे हसले. आई चहाचे कप घेऊन आली होती. ट्रे खाली ठेवत म्हणाली, “शास्त्रीबुवा, यांना भूक लागली तरी हे तेच म्हणतात. मग काय ताटात पुरुष वाढू?”

आता हसायची पाळी माझी होती, पण मला हसू आलं नाही. शास्त्रीबुवा चहा न घेता उठले. “रविवारी देवळात बैठक आहे. तोवर बुवांकडून स्पष्ट काही आलं तर सांगा.”

स्पष्ट! मला वाटलं, ओरडावं.

त्याच संध्याकाळी राजय्यामामा आले. राजय्या अंकम, अण्णांचे पेटीवाले. दिवसभर मागावर चादरी विणायचे आणि सुट्टी झाली की पेटी. वीस वर्षं अण्णांच्या डाव्या हाताला बसलेले. खाटेच्या पायथ्याशी सिद्रामप्पा अण्णांच्या मेलेल्या पायाला तेल चोळत होता. तो दवाखान्यातला वॉर्डबॉय. ड्यूटी संपली की यायचा, आणि कीर्तनात मोठमोठ्यानं हसणारा श्रोता म्हणून अख्ख्या पेठेला माहीत.

मी मामांना सगळं सांगितलं. ते अण्णांकडं बघत राहिले. अण्णा म्हणाले, “ना.”

“हे काय,” मामा म्हणाले. “सरळ तर सांगतेत. वैजूअम्मा, आमच्यात ना म्हणजे काय, म्हाईत हाय का? ना म्हणजे माझं. ना इल्लू, माझं घर. ना पेट्टी, माझी पेटी. ना कूतुरु, माझी पोरगी. तुझ्या तोंडाकडं बघून म्हणतेत बग.”

“ओ मामा, काय बी सांगू नका,” सिद्रामप्पा तेलाचा हात थांबवून म्हणाला. “बुवा मूळचे कुठले? मैंदर्गीचे. तितं पाळण्यापासून कानडी. कानडीत ना म्हणजे मी. ना बर्तीनी, मी येतो. बुवा म्हणायलेत, मीच उभारतो. म्हणायलेत, दुसऱ्या कुणाला नाही देत.”

“तू पाय चोळ बे.”

“चोळायलोय की. पण खरं ते खरं.”

मला सिद्रामप्पाचंच खरं वाटलं, कारण चौघांच्या चार अर्थांत तोच अण्णांना शोभणारा होता. मीच उभा राहतो. मेल्यावर घ्या गादी.

रविवारी देवळात गेले तेव्हा वाटेत दोनदा परत फिरले. शास्त्रीबुवा बार्शीला पाठवायचं पत्र लिहूनच बसले होते. मामा सतरंजीच्या कडेला. शास्त्रीबुवांनी विचारलं, “काय? आलं काही?”

आणि मी म्हणाले, “हो. अण्णांनी परवानगी दिली.”

“काय म्हणाले?”

“ना कूतुरु म्हणाले.”

माझंच तोंड, माझीच जीभ, आणि तरी मला वाटलं की मागून कुणी तरी बोललं.  कारखानेवाल्यांपैकी म्हातारे होते ते पुढं सरकले. “बुवा? तेलुगूत?” त्यांचे डोळे भरले होते. “एकतीस वर्षं आमच्यात राहिले. आता जाताना आमची भाषा आली त्यांच्या तोंडी.”

शास्त्रीबुवांनी माझ्याकडं पाहिलं आणि मग राजय्यामामांकडं. “राजय्या, तू ऐकलंस?”

मामांनी मला पाहिलं. वीस वर्षं त्यांनी मला सूर चुकताना ऐकलं होतं. हा सूर त्यांना कळला नसेल असं होणंच शक्य नव्हतं. 

“हो,” ते म्हणाले. “मी होतो तितं.”

पत्र फाटलं. बाहेर चपला घालताना मामा हळूच म्हणाले, “वैजूअम्मा, रामाच्या पुढं बसून मी खोटं बोललो. आयुष्यात पयल्यांदा. आता कीर्तन तरी खरं कर.”

मी घरी आले ती सरळ खाटेपाशी गेले नाही. न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. त्या दिवसानंतर मी अण्णांना एकदाही विचारलं नाही, राहू का उभी म्हणून. त्यांनीच काही म्हटलं तर मी चटकन पाणी पुढं करायची, उशी सारखी करायची, खिडकी लावायची. ते माझ्या पदराला धरून, “ना... ना...” म्हणत राहायचे. मी पदर सोडवून निघून जायची.

रामनवमीचं कीर्तन म्हणजे घड्याळाला बांधलेलं कीर्तन. इतर दिवशी आख्यान अर्धी घटका मागंपुढं झालं तर कुणी विचारत नाही. इथं मध्यान्ही बाराला राम जन्मला पाहिजे. कीर्तनकाराच्या तोंडून जन्माची ओळ आणि पुजाऱ्याच्या हातून पाळण्याची दोरी, दोन्ही एकाच क्षणी. म्हणून दहाला उभं राहायचं, अकराच्या आसपास पूर्वरंग, म्हणजे निरूपणाचा भाग, संपवायचा, मग कीर्तनकाराला बुक्का, हार आणि लहानथोर सगळ्यांचा नमस्कार, आणि मग जन्माचं आख्यान.

मी नऊवारी नेसले. सिद्रामप्पाला बजावून आले, “अण्णांना आणू नकोस हं. ऊन फार आहे.” ऊन होतंच. पण मला भीती उन्हाची नव्हती.

माग बंद होते. एरवी पेठेत जो खडखडाट रात्रंदिवस चालायचा तो थांबल्यानं कानांना भोकं पडल्यासारखी झाली होती. देऊळ भरलं होतं, बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला, पुढं शास्त्रीबुवा. मी गादीवर पाय ठेवला, नमन केलं, आणि माझा आवाज लागला. लागला तो असा की मीच दचकले. मामांची पेटी माझ्या पाठीशी भिंतीसारखी उभी राहिली.

पूर्वरंगाला मी नामाचा विषय घेतला, आणि निरूपणासाठी घेतलं ते एकच अक्षर. अण्णांचं.

“श्रोतेहो,” मी म्हटलं, “आमच्या बुवांची सगळी वाणी देवानं काढून घेतली आणि एक अक्षर ठेवलं. कोणतं?”

“ना!” बायका म्हणाल्या.

“ना! आता या अक्षराची किमया बघा. आमचे सिद्रामप्पा म्हणतात, कानडीत ना म्हणजे मी. आमचे राजय्यामामा म्हणतात, तेलुगूत ना म्हणजे माझं. मी आणि माझं! सगळा संसार झाला की हो दोन भाषांत. मी कोण, तर मालक. माझं काय, तर माग, चादर, बायको, पोरं. आणि या मी-माझ्याला संत काय सांगतात? मराठीत सांगतात. ना! नाही रे बाबा. मी नाही आणि माझंही नाही.”

“वाहवा!” कुणी तरी म्हणालं. शास्त्रीबुवांची मान हलली. मी ती हललेली पाहिली, आणि माझ्या अंगात वारं शिरलं.

“मग राहिलं काय? संस्कृतात विचारा. ना म्हणजे पुरुष, माणूस. नुसता माणूस राहिला, मी गेला, माझं गेलं. आणि तो माणूस करतो काय? ते तमिळवाल्यांना विचारा. त्यांच्यात ना म्हणजे जीभ! माणसानं जिभेनं नाम घ्यावं, दुसरं काय! पाच भाषा, एक अक्षर, आणि सगळा परमार्थ...”

टाळ्या पडल्या. कीर्तनात टाळ्या क्वचित. मला त्या हव्या होत्या. मी हात वर करून त्या थांबवणार, तेवढ्यात मागचे लोक उठून बाजूला होऊ लागले.

वेताच्या खुर्चीत अण्णा होते. एका बाजूनं सिद्रामप्पा, दुसऱ्या बाजूनं दोन विणकर, खुर्ची उचलून आत आणत होते. अण्णांच्या अंगावर धुतलेलं उपरणं, कपाळाला कसाबसा लावलेला गंध. सिद्रामप्पा धापा टाकत माझ्याकडं बघून म्हणाला, “काय करू ताई? दहा वाजल्यापासनं खाटेवरनं खाली पडायलेत. धा मिन्टात तीनदा. आणावं लागलं.”

खुर्ची अगदी पुढं, शास्त्रीबुवांच्या शेजारी ठेवली. अण्णांनी मला पाहिलं. कधीपासून ऐकत होते, दारापासून की रस्त्यापासून, मला कळेना. त्यांचं अक्षर मी सोलून, फोडी करून, ताटात मांडून लोकांना वाटत होते आणि लोक वाहवा म्हणत होते.

शास्त्रीबुवा खुर्चीकडं वळले. त्यांच्या मनात काळंबेरं नव्हतं, आनंदच झाला होता त्यांना. मोठ्यानं म्हणाले, “बुवा, आलात, बरं झालं. मुलीला आज्ञा दिलीत ना आपण?”

अण्णा म्हणाले, “ना.”

देवळात ज्यानं त्यानं ते आपापल्या भाषेत ऐकलं. तेलुगू बायकांनी हात जोडले. सिद्रामप्पानं मान डोलावली. मी मात्र मराठीत ऐकलं.

माझ्या हातातली झांज निसटली. मी गादीवरून उतरले. पूर्वरंग अर्धा, श्रोते समोर, आणि मी गादी सोडून खाली आले आणि अण्णांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. “अण्णा, मी खोटं बोलले,” मी म्हटलं. हळू म्हणायचं होतं, पण देऊळ इतकं गप्प होतं की मागच्या खांबापर्यंत गेलं. “तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. मी माझ्या मनानं...”

अण्णांनी पाय मागं ओढला. एकच पाय त्यांना ओढता येत होता, तो ओढला. दुसऱ्याला माझं डोकं लागणार तोच त्यांनी डाव्या हातानं माझ्या खांद्याला धक्का दिला. चांगला जोराचा. मी मागं बसले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

संपलं, मी मनात म्हटलं. भर देवळात बापानं ढकललं.

मागं मामांची पेटी बंद झाली होती.  अण्णांचा हात अजून पुढंच होता. तो मला ढकलून थांबला नव्हता. तो गादीकडं होता. एक बोट लांब, गादीकडं.

पहिलं समजलं शास्त्रीबुवांना. आयुष्यभर ते रूढीनं जगले. तिची भाषा त्यांना कुणाच्याही आधी कळली. “उठ,” ते मला म्हणाले. आवाज वेगळाच होता. “वर जा. नारदाच्या गादीवर उभं राहिलेल्यानं खाली उतरून कुणाच्या पाया पडायचं नसतं. बापाच्याही नाही. बुवांसमोर तू काय केलंस हे? जा वर.”

मी वर गेले.  अण्णांनी मान वळवली, ताटलीकडं पाहिलं. सिद्रामप्पानं बुक्क्याची ताटली आणली. त्यानं आणि विणकरांनी खुर्ची उचलून गादीपाशी आणली. अण्णांनी डाव्या हाताचं बोट बुक्क्यात बुडवलं. मी वाकले. बुक्का कपाळाला लागायचा तो भुवईवर लागला, थोडा डोळ्यांत गेला. मग सिद्रामप्पानं त्यांना पाठीमागून धरलं आणि अण्णा खुर्चीतून पुढं झुकले, आणखी झुकले, आणि त्यांचं टक्कल माझ्या पावलांना लागलं. त्यांनी मला नमस्कार केला.

हार शास्त्रीबुवांनी घातला. कुणी सांगितलं नव्हतं.

बायका रडत होत्या. मामांनी सूर धरला आणि मी जन्माचं आख्यान सुरू केलं. पण माझ्या डोक्यात एकच भुंगा. अण्णांनी नमस्कार केला तो कुणाला? गादीवर बार्शीचे बुवा उभे असते तरी त्यांनी असंच डोकं टेकवलं असतं. शेंबडा पोर उभा असता तरी. तो मान गादीचा. त्यात मी कुठं होते? होते की नव्हते? ओळीमागून ओळी तोंडातून जात होत्या, डोळ्यांत बुक्का झोंबत होता, आणि मला फक्त शेवट गाठायचा होता. शेवट आला की खाली उतरता येईल, उतरलं की विचारता येईल. यज्ञ झाला, पायस आलं, राण्यांना डोहाळे लागले, नऊ मास सरले, चैत्र आला, आणि मी जन्माची ओळ उंच स्वरात घेतली.

पुजाऱ्यानं दोरी ओढली. गुलाल उडाला, फुलं पडली, घंटा घणघणली.

मग घंटा आपोआप बारीक होत गेली. पुजाऱ्याचा हात दोरीवर तसाच थांबला होता आणि तो वर बघत होता. सगळेच वर बघत होते. खांबावरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

“अगं,” शास्त्रीबुवा म्हणाले, “अजून सात मिनिटं आहेत!”

बायकांतून कुणी तरी म्हणालं, “घाई रामरायाला नव्हती बाई, बुवांच्या पोरीला होती.” आणि सगळं देऊळ हसलं. सिद्रामप्पा सगळ्यांत मोठ्यानं. मामा पेटीवर कपाळ टेकून हसत होते. सात मिनिटं पाळणा म्हणत काढली. एकच पाळणा तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा म्हणताना बारा वाजले, तेव्हा लोकांनी पुन्हा एकदा गुलाल उधळला.

अण्णा हसले नव्हते. त्यांनी सुंठवडाही घेतला नाही. खुर्ची घरी नेताना मी बाजूनं चालत होते, पण त्यांनी माझ्याकडं मान वळवली नाही. घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडले. आई म्हणाली, “दमलेत.” मला माहीत होतं ते दमणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची पिशवी भरत होते. आतून खाटेची लोखंडी कड वाजली. ठाण, ठाण, ठाण. मी धावत गेले. अण्णा उशीला टेकून बसले होते, डोळे तांबारलेले.

“अण्णा, मी देवळात खोटं...” मी सुरुवात केली.

त्यांनी डाव्या हातानं ते माशी उडवावी तसं उडवून लावलं. मग तोच हात वर केला. पाच बोटं. मूठ मिटली. दोन बोटं.

“सात?” मी म्हटलं. “सात मिनिटं?”

“ना!” ते कडाडले आणि कडेवर ताल धरला. संथ. कालच्या माझ्या लयीच्या निम्मा. मग थांबून तीन बोटं दाखवली, आणि वाटीतून काही वाढल्यासारखा हात तीनदा पुढं केला. मला कळायला थोडा वेळ लागला. पायसाची वाटणी. तीन राण्या, तीन वाटे, तीन साक्या. त्या मी एका वाक्यात उरकल्या होत्या. तिथंच ती सात मिनिटं होती. त्यांचा हात पुन्हा कडेवर आपटला, आणि त्या मारातला राग मला चांगला ओळखीचा होता. तो राग मी एकोणीस वर्षं शेजारून पाहिला होता. शिष्यांवर चिपळ्या फेकून मारणारा, सम चुकली की भर आख्यानात डोळे वटारणारा, घरी आल्यावर तासभर सोलून काढणारा. माझ्या वाट्याला तो कधी आला नव्हता. मी काहीही म्हटलं, कसंही म्हटलं, तरी अण्णा मला एवढंच म्हणायचे, “छान म्हणतेस हो पोरी.” एकोणीस वर्षं मी ते छान कौतुक समजत होते. चूक काढावी इतकी कीर्तनकार मी त्यांना त्या दिवसापर्यंत वाटलेच नव्हते.

मी पिशवी खाली ठेवली. खुंटीवरची झांज काढली.

“यज्ञापासून घेऊ?” मी विचारलं.

अण्णांच्या हातानं ताल धरला.

“वैजू, शाळेची वेळ झाली गं!” आई आतून ओरडली.

त्या दिवशी शाळा बुडाली. आधी माग सोडून मामा आले, मग रात्रपाळी संपवून सिद्रामप्पा आला, आणि दोघं दाराशी बसून राहिले. अण्णांनी मला पायसाच्या वाटणीवर चार वेळा अडवलं. एकदा उशी फेकली, एकदा पाण्याचा पेला. पाचव्या खेपेला त्यांचा हात कडेवर तसाच चालत राहिला, आणि गिरणीचा बाराचा भोंगा होत असताना त्यांनी मला रामाचा जन्म होऊ दिला.